मॅकमर्डोच्या उड्डाणासाठी संगणकीय अंदाज कसा वाचावा

न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चहून सुमारे ३,८०० किलोमीटरवरील, अंटार्क्टिकातील मॅकमर्डो या अमेरिकी संशोधन तळाकडे निघालेले विमान एका ठरावीक बिंदूपुढे गेले की परतण्याइतके इंधन उरत नाही, म्हणून हवामानाचा अंदाज उड्डाणापूर्वीच बारकाईने तपासावा लागतो. या कामासाठी अमेरिकेच्या ‘एन्कार’ या वातावरण संशोधन संस्थेने २००० साली सुरू केलेली ‘ॲम्प्स’ ही अंटार्क्टिकाच्या हवामानाचा संगणकीय अंदाज देणारी प्रणाली वापरली जाते.

प्रथम अंदाजाची वेळ पाहावी. नकाशांवर जागतिक प्रमाणवेळ असते, तर मॅकमर्डोत न्यूझीलंडची घड्याळे चालतात. हा १२ किंवा १३ तासांचा फरक किरकोळ वाटला तरी नकाशा वाचताना तोच आधी निस्तरावा.

प्रणाली नकाशाचे चौकटींत विभाजन करून अंदाज काढते; या चौकटींच्या रचनेला जाळे म्हणतात. त्यानंतर मोठ्या चौकटींच्या विस्तृत जाळ्यावर अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगतच्या रॉस समुद्रातील कमी दाबाचे क्षेत्र शोधावे आणि मगच तळ ज्यावर आहे त्या रॉस बेटाच्या बारीक जाळ्याकडे वळावे, कारण ३,७९४ मीटर उंचीचा एरेबस पर्वत आणि दक्षिणेकडील मिना ब्लफचा कडा वाऱ्याला जसे अडवतात व वळवतात, ते जाडसर जाळ्यात नीट उमटतच नाही. वादळे बहुधा दक्षिणेकडून येतात. त्यामुळे त्या बाजूच्या हिमपटलावरील स्वयंचलित हवामान केंद्रांचे ताजे दाब व वारे प्रारूपाशी, म्हणजे संगणकाच्या अंदाजाशी, ताडून पाहावेत. दोन्हींत तफावत वाढत असेल, तर माझ्या मते केंद्रांच्या नोंदींवर भिस्त ठेवावी.

लागोपाठच्या दोन-तीन अंदाजांत वादळाची वेळ पुढेमागे सरकत असेल, तर तो अनिश्चिततेचा इशारा समजावा. धुके आणि खालचे ढग यांबाबत मात्र प्रारूपावर विसंबू नये. तेथे उपग्रहचित्रे व अनुभवी हवामानतज्ज्ञांचा सल्लाच घ्यावा.