लहान मुलाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन: या चुका टाळा

माझी मुलगी पाच वर्षांची असताना एका रात्री पोट दुखतंय म्हणून उठली. कुठे दुखतंय विचारलं तर बेंबीवर बोट ठेवलं. पहाटे एक उलटी झाली. सकाळी मात्र पाय पोटाशी घेऊन ती अगदी शहाण्यासारखी पडून राहिली, आणि मी घरात सगळ्यांना सांगून मोकळा झालो की आता बरी आहे, शांत पडलीय. ती बरी नव्हती. हललं की दुखत होतं, म्हणून ती हलत नव्हती. मूल गप्प झालं की आपण हुश्श करतो आणि रडायला लागलं की घाबरतो. या दुखण्यात बऱ्याचदा नेमकं उलटं असतं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत मी हीच चूक वेगवेगळ्या रूपात केली.

बेंबीजवळ दुखतंय म्हणजे पोट बिघडलंय

अपेंडिक्स, म्हणजे आंत्रपुच्छ, ही मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी, एका टोकाला बंद असलेली बारीक नळी. तिचं तोंड अडलं की ती आतून सुजते. आतड्याच्या नसांना दुखण्याची नेमकी जागा सांगता येत नाही, म्हणून सुरुवातीला सगळं बेंबीभोवती जाणवतं. सूज पोटाच्या आतल्या अस्तराला भिडली की मग दुखणं उजवीकडे खाली सरकतं. मोठ्या माणसांत हा क्रम बऱ्यापैकी दिसतो. चार-पाच वर्षांचं मूल बेंबीवरचं बोट हलवतच नाही. त्यात ताप, उलटी, कधी जुलाबही, म्हणजे चित्र हुबेहूब पोट बिघडल्याचं. त्यामुळेच पाच वर्षांखालच्या मुलांत निदान होईपर्यंत अपेंडिक्स फुटलेलं असण्याचं प्रमाण मोठ्या मुलांपेक्षा बरंच जास्त असतं.

बोट कुठे आहे यापेक्षा मूल चालतंय कसं ते बघा. कमरेत वाकून, उजवा पाय जपत चालतंय का? जागच्या जागी उडी मार म्हटलं तर नको म्हणतंय का? गाडी खड्ड्यात आदळली की कळवळतंय का? आवडीचं खाणंही दूर सारतंय का? क्रमही लक्षात ठेवा. अपेंडिक्समध्ये सहसा आधी दुखतं आणि मग उलटी होते. पोट बिघडलं असेल तर अनेकदा उलटीच आधी येते.

आणि कित्येक तास दुखून एकदम थांबलं तर खूश होऊ नका. नळी फुटली की आतला ताण उतरतो, तसं दुखणंही थोडा वेळ उतरतं. काही तासांनी ते सगळ्या पोटभर पसरून परत येतं.

या काळात पोट साफ व्हायचं औषध, एनिमा आणि गरम पाण्याची पिशवी, तिन्ही टाळा. पॅरासिटामॉलबद्दल मात्र एक जुना समज अजून घरोघरी आहे, की दुखणं दाबलं तर डॉक्टरांना निदान करता येणार नाही. तसं होत नाही. दवाखान्यातही तपासणीआधी वेदनाशामक देतातच. फक्त काय दिलं, किती दिलं आणि किती वाजता, हे लिहून न्या.

‘घोटभर पाण्यानं काय होतंय?’

उपाशी ठेवलेलं मूल बघवत नाही, हे खरं. पण भूल दिल्यावर घशाची राखण थांबते. पोटातलं काही वर आलं तर ते सरळ फुफ्फुसात जाऊ शकतं. ठरवून केलेल्या ऑपरेशनसाठी साधारण हिशोब असा असतो: हलकं खाणं 6 तास आधी बंद, आईचं दूध 4 तास, साधं पाणी 2 तास, काही ठिकाणी एकच तास. अपेंडिक्समध्ये हा हिशोब घरी लावू नका. दुखण्यामुळे पोट नेहमीच्या वेगानं रिकामं होत नाही, म्हणून तिथल्या भूलतज्ज्ञांचा शब्द शेवटचा.

यातली खरी चूक लपवण्याची. आमच्याकडे आजीनं दयेपोटी बिस्किट दिलं होतं आणि ओरडा बसेल म्हणून सांगितलं नव्हतं. नातीनंच सांगून टाकलं, नशीब. ऑपरेशन थोडं मागे ढकललं, बस्स. चुकून काही पोटात गेलं असेल तर तोंडानं सांगा. कुणी रागावलं तर रागावू दे.

‘काही दुखणार नाही’ हे सांगणं

सुई टोचली की हे वाक्य खोटं ठरतं, आणि त्यानंतर तुमच्या कुठल्याच वाक्यावर मूल विश्वास ठेवत नाही. ‘एकदा टोचेल, मी हात धरून बसेन, पाच म्हणेपर्यंत संपेल’ हे जास्त चालतं. ‘फिरायला जातोय’ म्हणून दवाखान्यात नेणं तर नकोच. ‘मस्ती केलीस तर डॉक्टर इंजेक्शन देतील’ हे वाक्य ज्या घरात वापरलं जातं, तिथे त्या दिवशी त्याची किंमत चुकवावी लागते.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटतं की आजार ही आपल्या वागण्याची शिक्षा आहे. ती हे बोलून दाखवत नाहीत. तुम्हीच आपणहून सांगायचं: तू काही चुकीचं केलं नाहीस, पोटातली एक छोटी नळी सुजलीय, ती काढली की दुखणं थांबेल. ‘कापणार’ हा शब्द टाळा. ‘झोपवणार’ हा शब्दही जपून वापरा, नाहीतर पुढे रोज रात्री झोपायची भीती बसते. आमच्या भूलतज्ज्ञांनी फार छान फोड केली: ही औषधाची झोप, यात काही दुखत नाही, आणि तू उठेपर्यंत मी तुझ्या उशाशीच असणार.

जाता जाता, अपेंडिक्स काढल्याची पहिली नोंद लंडनमधली आहे, 1735 सालची. सर्जन क्लॉडियस अमियांड, आणि रुग्ण एक 11 वर्षांचा मुलगा. हर्नियात अडकलेल्या त्याच्या अपेंडिक्समध्ये टाचणी घुसली होती. भूल नावाची गोष्ट तेव्हा नव्हती. तो मुलगा वाचला. थिएटरबाहेर बसलेल्या बापाला असली माहिती का आठवते कोण जाणे, पण मला त्यानं धीर आला.

भुलीतून उठताना मूल ओळखेना, म्हणून हादरून जाणं

याची कल्पना मला कुणी दिली नव्हती. रिकव्हरी रूममध्ये बोलावलं तर मुलगी किंचाळत होती, लाथा झाडत होती, आणि माझ्याकडे बघूनही ‘बाबा कुठेय’ म्हणत होती. मला वाटलं, आत काहीतरी बिघडलं. शाळेत जायच्या आधीच्या वयात भुलीतून बाहेर येताना हे बऱ्याच मुलांना होतं. डोळे उघडतात, पण मेंदू अजून पुरता जागा नसतो. बहुतेकदा अर्ध्या तासात आपोआप उतरतं आणि नंतर मुलाला त्यातलं काही आठवत नाही.

तेव्हा चुकतं काय? आपण मोठ्यानं समजावतो, चार जण मिळून धरतात, मोबाईलवर काहीतरी दाखवतो. सगळ्यानं गोंधळ वाढतो. एकानंच जवळ राहायचं, हळू आवाजात तेच तेच दोन शब्द बोलायचे, सलाईनचा हात तेवढा सांभाळायचा. पलंगाच्या दांड्यावर आपटणार नाही इतकंच बघायचं. नर्सला विचारा की हे दुखण्यामुळे आहे की भुलीमुळे. त्या बघून सांगतात, आणि दुखत असेल तर औषध देतात.

दुखेल तेव्हा औषध देऊ, असं ठरवणं

पुन्हा तीच गप्प मुलाची भानगड. मुलीनं दुसऱ्या दिवशी ‘दुखत नाही’ म्हणून सांगितलं, कारण दुखतंय म्हटलं तर टोचतील हा तिचा हिशोब. श्वास वरवरचा, कपाळाला आठी, खेळणं हातात पण नजर भिंतीकडे. बोलणं एक सांगत होतं, अंग दुसरं. तीन-चार वर्षांपुढच्या मुलांना हसऱ्यापासून रडक्यापर्यंतच्या चेहऱ्यांची चित्रं दाखवून ‘तुझं पोट यातलं कोणतं?’ असं विचारतात. त्याहून लहान असेल तर चेहरा, पाय, हालचाल, रडणं, आणि कुशीत घेतल्यावर शांत होतं का, या पाच गोष्टी बघायच्या.

पहिले दोन दिवस डॉक्टरांनी लिहिल्याप्रमाणे घड्याळ लावून औषध द्या. दुखणं चढल्यावर ते उतरवायला जास्त वेळ लागतो. डोस वजनावर ठरतो. पॅरासिटामॉल सहसा एका वेळी किलोमागे 15 मिलिग्रॅमपर्यंत, आणि दोन डोसांत किमान 4 ते 6 तास. घरातला चमचा हे माप नव्हे, औषधासोबतची पिचकारी वापरा. सर्दीच्या अनेक पातळ औषधांतही पॅरासिटामॉल असतं, त्यामुळे नकळत दुप्पट डोस जातो. लहान मुलांना अ‍ॅस्पिरिन नाही. कोडीनही नाही, 12 वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2017 मध्ये दिला.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं असेल तर खांदा दुखू शकतो. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, उरलेला वायू श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याला, टोचतो, आणि ती कळ खांद्यात उमटते. एक-दोन दिवसांत जाते, चालल्यानं लवकर जाते. हे माहीत नसल्यामुळे मी रात्री अडीचला नर्सना उठवलं होतं.

टाके तुटतील म्हणून जखडून ठेवणं

टाके चालण्यानं तुटत नाहीत. डॉक्टरांनी हो म्हटलं की त्याच दिवशी दाराशी जाऊन यायचं. मूल नाही म्हणणार. औषधानंतर अर्ध्या-पाऊण तासानं विचारा, तेव्हा उठतं. खोकला आला की पोटाशी छोटी उशी घट्ट धरायला शिकवा. साबणाचे फुगे फुंकणं हा फुफ्फुसांचा उत्तम व्यायाम, आणि त्याला व्यायाम म्हणावं लागत नाही. तीन-चार दिवस शौचाला झाली नाही की पोट फुगतं आणि वाटतं ऑपरेशन बिघडलं. हालचाल आणि पाणी वाढवा, पण पोट साफ व्हायचं औषध विचारल्याशिवाय नको. खाण्याचा आग्रह करू नका, भूक आधी थोडी आणि मग एकदम येते.

घरी आलो, म्हणजे संपलं

साधं अपेंडिक्स असेल तर एक-दोन दिवसांत घरी सोडतात. फुटलेलं असेल तर शिरेतून अँटिबायोटिक्स आणि बरेच दिवस मुक्काम. दोन मुलांची तुलना करू नका, ही जवळजवळ दोन वेगळी दुखणी आहेत. घरी दिलेलं अँटिबायोटिक तिसऱ्या दिवशी ‘आता बरी आहे’ म्हणून थांबवणं ही नेहमीची चूक.

फुटलेल्या अपेंडिक्सनंतर पोटात पू साठू शकतो, आणि तो बहुधा घरी आल्यावर, आठवडाभरानं, डोकं वर काढतो. उतरलेला ताप पुन्हा 38 अंश सेल्सिअसच्या वर जातो, भूक मरते, मूल परत वाकून चालायला लागतं. पू खाली ओटीपोटात असेल तर थोडी थोडी, शेंबडी, सारखी शौचाला होते. आईबाप पुन्हा म्हणतात, पोट बिघडलं. अशा वेळी थेट सर्जनला दाखवा. जखमेतून पू येणं, भोवतीची लाली पसरत जाणं, पोट कडक होणं, सात-आठ तास लघवी न होणं, यासाठीही सकाळपर्यंत थांबू नका.

जखमेवरचा डिंकासारखा थर मुलं खरवडतात. तो आपोआप सुटतो, वरून सैल कपडा घाला. अंगावर पाणी घेणं कधीपासून ते विचारून घ्या. टबात किंवा तलावात डुंबणं जखम पूर्ण भरेपर्यंत नाही. शाळा बहुतेकदा आठवडाभरात सुरू होते. मैदानी खेळ काही आठवडे बंद.

अंथरूण ओलं होणं, सारखं चिकटून राहणं, रात्री दचकून उठणं, हे सगळं दोन-तीन आठवडे चालतं. रागावू नका. आमच्या घरी एका बाहुलीचं रोज अपेंडिक्स निघत होतं. महिन्याभरानं डॉक्टरीणबाईंना कंटाळा आला.

कागद हरवणं

काढलेली नळी तपासणीला जाते आणि अहवाल उशिरा येतो. तो मागून घ्या. क्वचित त्यात वेगळं काही निघतं. डिस्चार्ज कार्डासोबत तो जपून ठेवा. ऑपरेशननंतर आतडी कधीकधी एकमेकांना चिकटतात आणि पुढे काही महिन्यांनी, वर्षांनीही, वाट अडते. तेव्हा हिरवी उलटी होते आणि पोट फुगतं. असं झालं तर थेट जिथे सर्जन आहेत तिथे जा, आणि आत गेल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा की पोटाचं ऑपरेशन झालेलं आहे.