थंडी सरताना धरणाच्या फुगवट्यावर सायप्रिनसचा गळ

संक्रांतीपासून होळीपर्यंत नाशिकच्या धरणांवर गळ टाकणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते : पाणी थंड पडलंय, मासा तोंडच उघडत नाही. तोंड उघडतो, पण पावसाळ्यातल्या जागी नाही, पावसाळ्यातल्या वेळेला नाही आणि पावसाळ्याइतकं पोटभर नाही. या दिवसांत जागा, वेळ आणि चाऱ्याचं प्रमाण या तिन्ही गोष्टी पाण्याच्या उबेवर ठरवाव्या लागतात. एवढं जमलं की फेब्रुवारी हा दारणा, मुकणे, वालदेवीच्या काठावरचा फार चांगला महिना आहे.

आधी मासा ठरवा. रोहू, कटला, मृगळ हे उबदार पाण्याचे मासे. पाणी वीस अंशांच्या खाली गेलं की त्यांची भूक झपाट्याने कमी होते. कटल्यासाठी मोठा गोळा लावून दिवसभर बसण्यात या मोसमात अर्थ नाही. सायप्रिनसचं (कॉमन कार्प) तसं नाही. तो मुळात थंड मुलखातला. भारतात तो १९३९ मध्ये निलगिरीत आणला गेला आणि सपाटीवरच्या तलावांत पसरलेली बँकॉककडची जात १९५७ मध्ये आली. पाणी १६ ते २० अंश असलं तरी तो खातो. शिवाय त्याचा विणीचा एक हंगाम जानेवारी ते मार्चमध्येच येतो. त्याची अंडी चिकट असतात, पाणवनस्पतींना आणि बुडालेल्या गवताला चिकटून राहतात. म्हणून ऐन थंडी ओसरायला लागली की तो उथळ, गवताळ पाण्याकडे सरकतो. आपला गळ तिथे पाहिजे.

काठावर जाण्यापूर्वी परवानगीचं काम उरका. धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्थेच्या माणसाला भेटून, शुल्क असेल तर ते भरून, कुठे बसायचं ते विचारूनच गळ टाका. त्यांची जाळी कुठे लावलेली आहेत तेही तेव्हाच कळतं. गंगापूर धरणातून नाशिक शहराला पिण्याचं पाणी जातं. तिथे भिंत आणि पाणी उचलण्याच्या जागेच्या आसपास फिरकू नका. नांदूरमधमेश्वर हे अभयारण्य आहे, रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. तिथे गळ न्यायचाच नाही.

आता जागा. सगळा खेळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

उथळ पाणी लवकर तापतं आणि लवकर थंडही होतं. निफाडचा पारा सहा-सातवर उतरतो त्या रात्री काठचं पाणी सगळ्यात आधी गार होतं, आणि गार झालेलं पाणी जड असल्यामुळे उतारावरून खोलाकडे सरकतं. त्यामुळे सकाळी सात वाजता उथळ खाडी (काठात आत शिरलेला पाण्याचा फाटा) ही धरणातली सगळ्यात थंड जागा असते. तीच जागा दुपारी एक वाजता सगळ्यात उबदार असते. पहाटे धुक्यात जाऊन अकराला कंटाळून घरी येणारे नेमक्या उलट्या वेळेला बसतात. या दिवसांत अकरा ते साडेपाच ही वेळ धरा. त्यातही एक ते चार सोडू नका.

फेब्रुवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून जलाशयाच्या उत्तरेच्या अंगाचा, दक्षिणेकडे तोंड असलेला काठ जास्त तापतो. मागे टेकाड असेल तर उत्तरेचा गार वाराही तिथे अडतो. अशा काठावर दीड ते अडीच मीटर खोलीची, तळाला काळी माती किंवा काळा दगड असलेली खाडी शोधा. बाजूलाच चार-पाच मीटर खोल पाणी हवं. मासा रात्री तिकडे जातो आणि दुपारी इकडे येतो. खोल पाण्यापासून लांब असलेलं पसरट डबकं कितीही तापलं तरी रिकामं राहतं.

अंदाजावर जाऊ नका, मोजा. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा काचेचा तापमापक पुरेसा आहे. तो नुसता दोरीला बांधून खाली सोडला तर वर काढेपर्यंत आकडा बदलतो. त्याऐवजी अर्ध्या लिटरच्या बाटलीला शिसं बांधा, बुचाला बारीक भोक पाडा, बाटली तळाला टेकवून भरू द्या, वर ओढा आणि त्या पाण्यात तापमापक दोन मिनिटं ठेवा. दोन-तीन जागा अशा तपासा. एकच आकडा फारसं सांगत नाही, जागांमधला फरक महत्त्वाचा. दोन अंशांनी उबदार असलेली खाडी मिळाली तर तिथेच बसा.

तळ चाचपायला गळ न लावता ३० ग्रॅमचं शिसं फेका आणि सावकाश ओढा. दांडीतून टकटक जाणवली की मुरूम किंवा दगड. गुळगुळीत पण जड ओढ म्हणजे गाळ. ओढता ओढता अडकून सुटतंय आणि शिशाला हिरवं लागून येतंय म्हणजे गवत. गवत संपून मुरूम सुरू होतो ती कडा सगळ्यात चांगली. गवतात नेमका गळ टाकाल तर आमिष झाकलं जातं आणि मासा लागला तरी तो गवतात डोकं खुपसतो.

दुसरी गोष्ट आवर्तन. रब्बीचं पाणी कालव्याला सुटलं की जलाशय रोज थोडा थोडा उतरतो. दारणेचं पाणी नदीने नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यात आणि तिथून गोदावरीच्या कालव्यांत जातं, त्यामुळे आवर्तनाची बातमी वाचूनच बेत ठरवा. पाणी उतरत असताना मासा उथळ खाडीत थांबत नाही. तो खाडीच्या तोंडाशी किंवा बुडालेल्या जुन्या नदीपात्राच्या कडेला जातो. काठावर एक काडी पाण्याच्या रेषेत खोचून ठेवा. तासाभरात रेषा काडीपासून मागे सरकली तर फेक लांबवा, तीन-चार मीटर खोलीवर जा. पाणी स्थिर झालं की दोन-तीन दिवसांत मासे परत उथळात येतात.

थंडीची लाट आली की पहिले दोन दिवस घरीच बसलेलं बरं. लाट ओसरून तीन-चार दुपारी कडक ऊन पडलं की जा. रात्री आभाळ असेल तर काठचं पाणी फार गार होत नाही, अशा दिवशी सकाळी नऊपासूनही मासा लागतो.

साहित्यात फार खर्च करायची गरज नाही. नऊ-दहा फुटांची मध्यम दांडी, ४००० मापाचं रील, ०.२८ ते ०.३० मिलिमीटरचा तंगूस (नायलॉनचा दोरा). शिसं मधून भोक असलेलं, तंगुसावर सरकणारं, ३० ग्रॅमचं. त्याच्याखाली मणी, मग फिरकी, मग ०.२२ ते ०.२५ मिलिमीटरचा वीतभर दोरा आणि सहा किंवा आठ नंबरचा गळ. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे विकत घेताना लक्षात ठेवा. पावसाळ्यातला दोन नंबरचा जाडजूड गळ या मोसमात चालत नाही, कारण मासा आमिष उचलतो तेव्हा त्याचं वजन त्याला लगेच कळतं आणि तो थुंकतो. तळ गाळाचा असेल तर शिसं २० ग्रॅमवर आणा आणि गळाचा दोरा हातभर करा, नाहीतर शिशाबरोबर आमिषही गाळात जातं. गाठ मारताना पाच वेढे घ्या आणि आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करा. कोरडी गाठ आवळताना तंगूस घासून तापतो आणि मासा लागल्यावर तिथेच तुटतो.

गळाला आमिष टोचण्यापेक्षा केसाची जोडणी करा. गळ बांधताना दोऱ्याचं टोक मागे सोडा, त्याला छोटा फास करा आणि त्यावर मक्याचे दोन दाणे ओवा. दाणे गळाच्या वळणापासून अर्धा ते एक सेंटिमीटर लांब लटकले पाहिजेत. सायप्रिनस आमिष तोंडात ओढून चाखतो, नको वाटलं की फुंकून टाकतो. दाणा मोकळा आणि गळ उघडा असला की फुंकताना गळ ओठात रुततो.

मका दोन दिवस आधी भिजवा, चोवीस तास ठेवा आणि कुकरला सहा-सात शिट्ट्या द्या. दाणा नखाने दाबला तर फुटायला हवा, पण सुईने ओवताना तुटायला नको. उकळलेलं पाणी फेकू नका, त्यातच दाणे रात्रभर ठेवले तर थोडे आंबूस-गोड होतात आणि तो वास माशाला ओढतो. कच्चं किंवा अर्धकच्चं धान्य पाण्यात कधीच टाकू नका. ते माशाच्या पोटात फुगतं.

चाऱ्यासाठी शेंगदाण्याची पेंड पाव किलो कुटून चाळून घ्या. त्यात भाजलेलं बेसन १०० ग्रॅम, मक्याचं पीठ १०० ग्रॅम, चमचाभर किसलेला गूळ, भरडलेली बडीशेप एक चमचा आणि चिमूटभर हिंग. पाणी घालायचं ते धरणाचंच, आणि थोडं थोडं शिंपडून. मुठीत दाबल्यावर गोळा झाला पाहिजे आणि अंगठ्याने ढकलल्यावर भुगा. कणकेसारखं मळलंत तर गोळा तळाला तसाच पडून राहतो, वास सुटत नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती प्रमाणात. जुलैत दोन-तीन किलो चारा पाण्यात जातो आणि त्याचा फायदाही होतो. आता तेच केलं तर दिवस वाया जातो. सायप्रिनसला जठर नसतं, अन्न थेट आतड्यात जातं, आणि थंड पाण्यात पचन मंदावलेलं असतं. दोन मुठी पेंड खाल्ली की त्याला तुमच्या दाण्याची गरज उरत नाही. सुरुवातीला लिंबाएवढे तीन गोळे आणि वीस-पंचवीस दाणे, सगळे टेबलाएवढ्या जागेत. मग मासा लागेपर्यंत काहीही टाकायचं नाही. मासा निघाला की एक गोळा. दीड तास झाला, पाण्यात बुडबुड्यांच्या रांगा नाहीत, गढूळपणा नाही, तर चारा वाढवू नका, जागा बदला.

दांडीला बांधलेल्या घुंगरावर फार भरवसा ठेवू नका. थंड पाण्यात मासा दाणा उचलून जागच्या जागी हलतो, घुंगरू वाजतच नाही. दांडीच्या पहिल्या आणि दुसऱ्या कडीमध्ये तंगूस थोडा सैल खाली ओढा आणि त्यावर कणकेचा बोराएवढा गोळा चिकटवा. गोळा दोन बोटं वर गेला किंवा खाली बसला, दोन्ही वेळा मासाच आहे. मासा तुमच्याकडे आला तर गोळा खाली बसतो, आणि नेमके तेच बरेच जण सोडून देतात. केसाची जोडणी असेल तर झटका मारू नका. दांडी उचला आणि ताण घ्या, एवढं पुरे.

रीलचा ब्रेक आधीच लावून ठेवा. सहा किलोचा ताण सोसणारा तंगूस असेल तर ताणकाट्याला टोक बांधून ओढा आणि दीड किलोवर रील फिरायला लागेल असा ब्रेक ठेवा. सायप्रिनसची पहिली धाव खोलाकडे किंवा बुडालेल्या बाभळीच्या बुंध्यांकडे असते. दांडी आडवी करून त्याला बाजूला वळवा. सरळ मागे खेचलं तर तंगूस तुटतो. जाळीत घेताना जाळी पाण्यात स्थिर धरा आणि मासा तिच्यावर आणा. जाळी माशामागे पळवली की तो पुन्हा उसळतो.

पोट फुगलेली गाभोळीची मादी सोडून द्या. याबाबत आमचं मत ठाम आहे. गाभोळी तळून चांगली लागते हे खरं, पण या मोसमात ती विणीसाठीच काठाला आलेली असते. हात ओले करा, ओल्या गोणपाटावर ठेवा, पोटाला दाब देऊ नका, गळ काढा आणि पाण्यात सरळ धरून ठेवा. शेपटी मारून ती स्वतः निघाली की हात काढा.

धोक्याच्या तीन गोष्टी. जलाशय उतरल्यावर उघडा पडलेला गाळ वरून भेगाळलेला, टणक दिसतो, खाली मात्र लापशी असते. काठीने टोचून बघितल्याशिवाय पाऊल टाकू नका. पाय रुतलाच तर ओढाताण न करता मागे आडवे व्हा, वजन पसरवा आणि पाय हलवत हलवत सोडवा. दुसरं, फुगवट्यावर शेतीपंपांच्या तारा बऱ्याच ठिकाणी खाली लोंबलेल्या असतात. कार्बनच्या दांडीतून वीज जाते. बसण्याआधी वर बघा, आणि तारेजवळून जाताना दांडी आडवी धरून न्या. तिसरं, दारणाकाठच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. अंधार पडायच्या आत, सोबतीनेच परत फिरा.

तुटलेला तंगूस एक वितही काठावर टाकू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये स्थलांतरित बदकं अजून इथेच असतात आणि त्यांच्या पायात तो अडकतो. खिशात एक रिकामी डबी ठेवा.

घरी नेण्याचा मासा लगेच मारून कल्ल्याशी कापा, रक्त वाहू द्या आणि ओल्या गोणपाटात सावलीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत उन्हात ठेवला तर तासाभरात मऊ पडतो. चिखलाचा वास जाण्यासाठी कातडी आणि बाजूच्या रेषेजवळचं काळपट मांस काढा, मग हळद, मीठ, लिंबू लावून अर्धा तास ठेवा. या माशात बारीक काटे फार. तुकड्यांना तीन-चार मिलिमीटरवर आडव्या चिरा द्या आणि कडकडीत तेलात तळा, काटे कुरकुरीत होतात.

होळीनंतर पाणी २४ अंशांच्या वर गेलं की हे वेळापत्रक मोडतं. दुपार मंदावते, सकाळ-संध्याकाळ चालू होते, रोहू खायला लागतो. तेव्हा गळ चार नंबरचा करा, चारा दुप्पट करा. रोहूचे ओठ मऊ असतात, गळ फाडून निघतो, म्हणून ब्रेक एक किलोवर उतरवा.