कोठीपोटातील आदिजीव सूक्ष्मदर्शकाखाली कसे पाहावेत

शेळी, मेंढी, गाय, म्हैस अशा रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात, असंख्य आदिजीव (एकपेशीय सूक्ष्मजीव) राहतात, ही नोंद फ्रान्समध्ये ग्रुबी आणि देलाफों या संशोधकांनी १८४३ साली केली. ते पाहण्यासाठी आजही महागड्या उपकरणाची गरज नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतला साधा सूक्ष्मदर्शक त्यासाठी पुरतो. तरीही पहिल्या प्रयत्नात अनेकांना काचपट्टीवर निश्चल ठिपक्यांपलीकडे काही दिसत नाही, आणि त्याचे कारण बहुधा भिंगात नसून नमुना आणण्याच्या पद्धतीत असते. या जीवांना ३९ अंश सेल्सिअसच्या आसपासची ऊब लागते आणि हवेतला प्राणवायू त्यांना मानवत नाही. पुढील सर्व कृती या दोन गोष्टी सांभाळण्यासाठीच आहे.

पुणे शहरात राहणाऱ्यांसाठी नमुना मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे परिचयातला मटणविक्रेता. वजडी साफ करताना आतला जो हिरवट चोथा काढून टाकतात, तोच आपल्याला हवा असतो. त्याला आदल्या दिवशी कल्पना देऊन ठेवावी आणि सकाळी वजडी धुण्यापूर्वी तेथे हजर राहावे. रविवारी त्याच्या दुकानापुढे रांग असते, तेव्हा गर्दी नसलेला वार निवडणे दोघांच्याही सोयीचे. चोथा घेताना शक्य असल्यास कोठीपोटाला लागून असलेल्या जाळीपोटातलाही थोडा भाग मागून घ्यावा, कारण बोकड बराच वेळ उपाशी असेल तर मोठ्या आकाराचे काही आदिजीव जाळीपोटाच्या भिंतीला धरून राहतात आणि कोठीपोटातल्या रसात ते फारसे सापडत नाहीत. गाईचा किंवा म्हशीचा रस हवा असेल, तर तो नळी घालून पशुवैद्यकानेच काढावा. हे काम पशुपालकाने स्वतः करण्यासारखे मुळीच नाही, कारण नळी श्वासनलिकेत गेली तर जनावराच्या जिवावर बेतू शकते. नळीतून येणारा सुरुवातीचा रस टाकून द्यावा लागतो. त्यात लाळ मिसळलेली असते आणि लाळेमुळे सामू (pH, म्हणजे आम्लता मोजण्याचे माप) खऱ्यापेक्षा जास्त भरतो.

नमुना आणण्यासाठी रुंद तोंडाचा थर्मास घ्यावा आणि निघण्यापूर्वी तो साधारण ४५ अंशांच्या गरम पाण्याने भरून ठेवावा, म्हणजे आतली काच तापते. चोथा भरण्याच्या क्षणी पाणी ओतून द्यावे आणि आत हवा उरू नये म्हणून थर्मास काठोकाठ भरावा. मात्र झाकण घट्ट आवळू नये. आतले किण्वन वाटेतही चालूच असते, त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन सुटत राहतात, आणि घट्ट बंद थर्मास उघडताना चोथा तोंडावर उडू शकतो. डिसेंबर-जानेवारीतल्या पुण्याच्या पहाटगारव्यात उघड्या भांड्यातला रस बघता बघता थंड होतो, म्हणून त्या दिवसांत थर्माससोबत काचपट्ट्याही उबेत ठेवण्याची तयारी आधीच करावी. तासाभरात सूक्ष्मदर्शकापाशी पोहोचता येईल असेच ठिकाण निवडावे.

घरी किंवा प्रयोगशाळेत आल्यावर मलमलीच्या दुपदरी फडक्यातून रस गाळून कोमट पाण्यात ठेवलेल्या बाटलीत घ्यावा. हातमोजे घालावेत आणि रस कधीही तोंडाने ओढून ड्रॉपरमध्ये किंवा नळीत घेऊ नये, कारण शेळ्यामेंढ्यांपासून माणसाला ब्रुसेलोसिससारखे आजार होऊ शकतात. काचपट्टी ४० अंशांच्या पाण्यावर ठेवलेल्या ताटलीत गरम करून तिच्यावर एक मोठा थेंब टाकावा. कव्हरस्लिपच्या चारही कडांना व्हॅसलीनची बारीक रेघ लावून ती थेंबावर अलगद ठेवावी. त्या रेघेमुळे बाहेरची हवा आत येत नाही आणि काचेच्या दाबाखाली मोठे आदिजीव चिरडलेही जात नाहीत. हे व्हॅसलीन अनेकजण अनावश्यक समजून वगळतात. माझ्या मते साऱ्या कृतीत एवढ्या कमी कष्टात एवढा फरक पाडणारे दुसरे काही नाही.

प्रथम १०० पट वर्धनाखाली पाहावे. चांगला नमुना असेल तर दृष्टिक्षेत्रात शांत असा कोपराच राहत नाही. १ मिलिलिटर रसात साधारण १ लाख ते १० लाख आदिजीव असतात. त्यांतले सर्वाधिक बहुधा एंटोडिनियम या प्रजातीचे असतात. त्यांची लांबी सामान्यतः २० ते ८० मायक्रॉन असते, पक्ष्माभिका (पोहण्यासाठीचे केसासारखे बारीक तंतू) फक्त तोंडापाशी असतात, आणि म्हणून ते गचके देत, दिशा बदलत पोहतात. आयसोट्रिका मात्र आकाराने बराच मोठा असतो. त्याचे सारे अंग पक्ष्माभिकांनी झाकलेले असल्यामुळे तो स्वतःभोवती फिरत संथपणे दृष्टिक्षेत्र पार करून जातो. नमुन्यात ऑफ्रिओस्कोलेक्स असेल तर त्याच्या मागच्या टोकाकडील काट्यांवरून तो ओळखू येतो. जीवाणू याहून कितीतरी अधिक, म्हणजे दर मिलिलिटरला १,००० कोटी किंवा त्याहूनही जास्त असतात, परंतु या वर्धनाखाली ते दिसत नाहीत. वर्धन ४०० पट करून चाऱ्याच्या एखाद्या तंतूच्या कडेवर भिंग स्थिर केले, तर कधी कधी त्याला चिकटलेल्या बुरशीच्या गोलसर पिशव्या दिसतात. बुरशी प्राणवायूशिवाय जगू शकत नाही असा समज दीर्घकाळ होता. मेंढीच्या कोठीपोटातले, शेपटीने पोहणारे काही जीव हे वास्तविक बुरशीचे बीजाणू आहेत, हे कॉलिन ऑर्पिन यांनी १९७५ साली दाखवून दिले.

हालचाल मंदावली की काचपट्टी पुन्हा उबवावी. रसात साखर घालून जीवांना उत्तेजन देण्याचा मोह मात्र टाळावा, कारण आयसोट्रिकासारखे आदिजीव साखर साठवतच राहतात आणि अति झाल्यास फुटतात. त्यापेक्षा एका बाजूचे व्हॅसलीन पुसून कव्हरस्लिपच्या त्या कडेने लुगॉलच्या आयोडीन द्रावणाचा एक थेंब आत सोडावा. जीव मरतात, पण एंटोडिनियमने गिळलेले पिष्टमय कण गडद निळे-काळे होतात आणि जनावराला भरडा किंवा धान्य मिळत होते की नाही हे त्याच्या पोटातल्या जीवाच्या पोटात स्पष्ट दिसते.

रस कितपत जिवंत आहे हे सूक्ष्मदर्शकाविनाही तपासता येते. दोन परीक्षानळ्यांत प्रत्येकी २० मिलिलिटर रस घ्यावा, एकीत ०.०३ टक्के मिथिलीन ब्लूचे १ मिलिलिटर द्रावण मिसळावे आणि दोन्ही नळ्या ३९ अंशांच्या पाण्यात उभ्या ठेवाव्यात. सक्रिय जीवाणू या निळ्या रंगाचे क्षपण करतात, म्हणजे त्याला रंगहीन रूपात बदलतात, आणि निळा रस पुन्हा दुसऱ्या नळीसारखा दिसू लागतो. हवेशी संपर्क असलेल्या वरच्या पातळीवर मात्र निळे कडे टिकून राहते, त्याकडे दुर्लक्ष करावे. कडब्यासारखा सुका चारा खाणाऱ्या जनावराच्या रसात यासाठी साधारण ३ ते ६ मिनिटे लागतात, खुराक भरपूर असल्यास त्याहून कमी. १५ मिनिटांनंतरही निळेपणा राहिला तर रसातले जीव मंदावले आहेत असे समजावे.

पशुपालकांना याचा थेट उपयोग आहे. पोळ्याला बैलांना पुरणपोळ्या किंवा लग्नकार्यानंतर गाईंना उरलेला भात मोठ्या प्रमाणात घातला की कोठीपोटात लॅक्टिक आम्ल वाढते, सामू ५.५ च्या खाली जातो आणि आदिजीव मरू लागतात. अशा जनावराचा रस दुधट-करडा, आंबट वासाचा असतो आणि काचपट्टीवर पोहणारा एकही जीव दिसत नाही. हे चित्र दिसले तर घरगुती उपाय करत न बसता पशुवैद्यकाला तातडीने बोलवावे.

काम संपल्यावर काचपट्ट्या आणि नळ्या सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात अर्धा तास बुडवून मगच धुवाव्यात, हात साबणाने स्वच्छ धुवावेत आणि उरलेला चोथा कंपोस्टच्या खड्ड्यात मातीखाली पुरावा.