घरपट्टी वाढू नये म्हणताय? मग या चुका टाळा

प्रशासन मिळकतकरवाढीचा प्रस्ताव आणणार, नगरसेवक तो फेटाळणार आणि चौकाचौकांत ‘करवाढ रोखली’चे फ्लेक्स लागणार. हा खेळ पुणेकरांनी बऱ्याचदा पाहिलाय. पण पालिकेचा खर्च बेताबाहेर गेला, तर फेटाळलेली वाढ आज ना उद्या दुसऱ्या दाराने येतेच: कधी पाणीपट्टीतून, कधी एखाद्या नव्या शुल्कातून.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अंदाजपत्रकाची जमा बाजू फुगवणं. कागदावर उत्पन्न वाढवलं की तेवढीच कामं खर्चात बसवता येतात. मग कार्यादेश निघतात, पैसे मात्र येत नाहीत, आणि ठेकेदारांची बिलं पुढच्या वर्षाच्या बोकांडी बसतात. हे पकडायला लेखापाल असावं लागत नाही. अंदाजपत्रकातच मागची प्रत्यक्ष जमा छापलेली असते. तो रकाना आणि नव्या वर्षाचा आकडा शेजारी ठेवा. उडी मोठी दिसली, तर ‘कशाच्या जोरावर?’ एवढं विचारा.

तात्पुरत्या पैशावर कायमचा खर्च चढवणं ही दुसरी. पुण्यात 2013 मध्ये जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला. 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा तोही गेला आणि 2017 पासून जीएसटीपोटी राज्याकडून अनुदान येऊ लागलं. पालिकेच्या स्वतःच्या हातात मुख्यतः उरला मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचं शुल्क. हे शुल्क बिल्डरांचा धंदा तेजीत असला की धो धो येतं, मंदीत आटतं. त्यातून उड्डाणपूल बांधा हवं तर, पगार आणि दिवाबत्ती त्यावर टाकू नका.

‘स’ यादीबद्दल, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांच्या यादीबद्दल, काय बोलावं? बाकडी, नामफलक, कापडी पिशव्या. वर्षअखेरीस वर्गीकरण करून एका कामाचा निधी दुसऱ्याकडे वळवायचा. देखभालीचा पैसा पळतो तो इथेच.

आता वसुली. थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला 24. आणि मग अभय योजना येते आणि तीच शास्ती बऱ्याच अंशी माफ होते. एप्रिल-मेमध्ये रांग लावून भरणारा मूर्ख ठरतो. (मी त्या रांगेतला, त्यामुळे राग जरा जास्त.) योजना पुन्हा पुन्हा आली की लोक तिची वाट पाहायला शिकतात, आणि थकबाकीचा भार नियमित भरणाऱ्यांवर पडतो.

सवलत देताना तिचा पाया कच्चा ठेवणं हीही चूकच. 1970 पासून पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घराला 40 टक्के सवलत मिळत होती. ती उभी होती पालिकेच्या नुसत्या ठरावावर. लेखापरीक्षणात आक्षेप आले, 2019 पासून नव्या घरांची सवलत थांबली, काहींच्या हातात मागच्या फरकाची बिलं पडली. 2023 मध्ये राज्य सरकारच्या निर्णयाने ती परत आली. तरी अनेकांचं बिल पूर्ण दरानेच येत राहिलं, कारण ही सवलत मागण्याचा पीटी-3 अर्ज भरलेला नव्हता. बिलात सवलत दिसत नसेल तर सोसायटीचा दाखला आणि स्वतः राहत असल्याचा पुरावा जोडून तो अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्या.

आकारणीच चुकली वाटत असेल तर नोटिशीतल्या मुदतीत लेखी हरकत द्या, पोचही घ्या. पुढे न्यायालयात अपील करायचं तर मागणीची रक्कम आधी भरावी लागते.

आणि तारीख चुकवू नका. महापालिका अधिनियमानुसार पुढच्या वर्षाचे कराचे दर 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. अंदाजपत्रकाची चर्चा रंगते त्यानंतर. मार्चमध्ये दरावर भांडायला गेलात, तर तो विषय आधीच मिटलेला असतो.