क्रूझवर कुठे जेवायचं, हे कसं ठरवावं

क्रूझचं तिकीट काढताना केबिनला बाल्कनी हवी की नुसती खिडकी चालेल, यावर घरात आठवडाभर खल होतो. जेवणाचा विषय मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून दोन मिनिटांत मिटतो. आजकालच्या मोठ्या जहाजांवर खाण्यापिण्याची वीसेक ठिकाणं असतात, त्यामुळे काही ना काही मिळेलच, हे खरं. पण 2024 साली प्रवासी घेऊ लागलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’सारख्या जहाजावर सगळ्या केबिन भरल्या, तर सात हजारांहून जास्त प्रवासी असतात, आणि संध्याकाळी सात वाजता त्यातल्या निम्म्यांना एकदमच भूक लागते. म्हणून माझं म्हणणं असं, की आधी वेळ ठरवा, मग जागा. चांगली जागा चुकीच्या वेळी गाठली, तर ती वाईटच वाटते.

1. भाड्यात काय येतं, ते वाचून घ्या

बहुतेक जहाजांवर मुख्य डायनिंग रूम, बुफे आणि पिझ्झा, बर्गर वगैरेंचे छोटे काउंटर भाड्यातच धरलेले असतात. स्टेकहाउस, सुशी, इटालियन अशी ‘स्पेशालिटी’ रेस्टॉरंट वेगळ्या पैशांची. तिथे काही ठिकाणी माणशी ठरावीक रक्कम घेतात, तर काही ठिकाणी पदार्थागणिक बिल होतं, आणि त्यावर 18 ते 20 टक्के टिप आपोआप लागते. मेन्यूवर छापलेला आकडा शेवटचा समजू नका. दारू, बाटलीबंद शीतपेयं आणि खास कॉफी यांचा हिशोबही सहसा वेगळाच असतो.

याला अपवाद आहेत. रीजंट, ओशनिया अशा महागड्या कंपन्यांच्या भाड्यात स्पेशालिटी रेस्टॉरंटही येतात. व्हर्जिनच्या जहाजांवर नेहमीचा बुफे नाही आणि एकच मोठी डायनिंग रूमही नाही. वेगवेगळी रेस्टॉरंट आहेत आणि ती भाड्यातच. तेव्हा दोन कंपन्यांच्या भाड्यांची तुलना करताना जेवणाचा खर्च धरूनच करा.

जादा पैसे देऊन वेगळं जेवायची ही सोय अलीकडची आहे, असं समजू नका. 1905 साली निघालेल्या ‘अमेरिका’ या जर्मन जहाजावर नामवंत हॉटेलवाले सेझार रिट्झ यांच्या धर्तीचं असं रेस्टॉरंट होतंच.

2. ठरलेली वेळ की मोकळी वेळ?

हा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो तिकीट काढतानाच घ्यावा लागतो. जुन्या पद्धतीत रात्रीच्या जेवणाच्या दोन पंगती असतात. पहिली साधारण साडेपाच-सहाला, दुसरी आठ-साडेआठला. टेबल तेच, वेटर तोच, आणि बऱ्याचदा शेजारीही तेच. दुसरा प्रकार मोकळ्या वेळेचा: ठरावीक तासांत कधीही या, जागा असेल तिथे बसा. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 2000 साली हा प्रकार ‘फ्रीस्टाइल’ नावाने आणला. आता बहुतेक मोठ्या कंपन्या आपापल्या नावाने तो देतात. डिस्नेचं तिसरंच. तिथे दररोज रेस्टॉरंट बदलतं, पण वेटर तुमच्याबरोबर फिरतात.

मोकळी वेळ ऐकायला छान वाटते. पण पावणेसात ते आठ या वेळात गेलात, तर दारात थांबावं लागण्याची शक्यता मोठी. क्रूझ कंपनीच्या ॲपवर आधी वेळ नोंदवता येत असेल, तर नोंदवा; म्हणजे मोकळी वेळ घेऊन शेवटी ठरलेलीच वेळ पाळायची!

लहान मुलं किंवा लवकर जेवणारी वडीलधारी मंडळी बरोबर असतील, तर पहिली पंगत. ज्या सफरीत रोज नवं बंदर आहे, तिथे दुसरी. पाच वाजता जहाजावर परतायचं, अंघोळ उरकायची आणि पावणेसहाला टेबलावर हजर व्हायचं, ही धावपळ एखाद्या दिवशी जमते, रोज नाही. नाटक किंवा गाण्याचे कार्यक्रमही या पंगती बघूनच लावलेले असतात, त्यामुळे तिथे काही चुकत नाही.

कुणाला ॲलर्जी असेल किंवा जेवणाचं काटेकोर पथ्य असेल, तर मी डोळे मिटून ठरलेली वेळ घ्यायला सांगेन. आपली गरज बुकिंगच्या वेळीच लेखी कळवायची आणि पहिल्या संध्याकाळी हेड वेटरला पुन्हा सांगायची. त्यानंतर बहुतेक जहाजांवर असं होतं: गोड खाऊन झालं, की हेड वेटर दुसऱ्या दिवशीचा मेन्यू तुमच्यासमोर ठेवतो. तुम्ही सूप, मुख्य पदार्थ आणि गोड निवडता, तो केबिनचा नंबर टिपून घेतो आणि मुदपाकखान्यात ते पदार्थ वेगळे केले जातात. शाकाहारी लोकांनाही याचा उपयोग होतो, कारण रोजच्या छापील मेन्यूतल्या दोन-तीन शाकाहारी पदार्थांपलीकडचं काही आदल्या दिवशी सांगितलं, तर मिळू शकतं. आयत्या वेळी मात्र ‘बघतो’ यापलीकडे वेटरच्या हातात फारसं नसतं.

3. टेबल पटलं नाही, तर पहिल्याच दिवशी सांगा

दोघांची टेबलं थोडी असतात आणि ती आधीच भरतात. अनोळखी लोकांबरोबर बसवलं आणि गप्पांचं गणित जमलं नाही, तर हेड वेटरला बाजूला घेऊन बदल मागा. पहिल्या रात्री असे बरेच जण त्याच्याकडे येतात, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. तिसऱ्या रात्री उठलात, तर मात्र शेजाऱ्यांना ते लागतं.

बोट लागणाऱ्यांसाठी एक सूचना. जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर हेलकावे कमी जाणवतात. बुफे बहुधा वरच्या डेकवर असतो, त्यामुळे समुद्र खवळला असताना ताट सांभाळत फिरण्यापेक्षा खालच्या डायनिंग रूममध्ये बसणं बरं. अगदी मागच्या टोकाला इंजिन आणि जहाज ढकलणाऱ्या पंख्यांची थरथर कधीकधी जाणवते.

4. पहिलं जेवण बुफेत घेऊ नका

दुपारी बारा-एकला लोक जहाजावर चढतात, तेव्हा केबिन बऱ्याचदा तयार नसतात. मग सगळे जण हातातल्या बॅगा ओढत थेट बुफेत. एका हातात ताट, दुसऱ्या हातात बॅगेचा दांडा, आणि डोळे रिकाम्या खुर्चीच्या शोधात. त्याच वेळी डायनिंग रूम किंवा एखादा छोटा कॅफे उघडा असतो आणि तिथे निवांत बसायला मिळतं. त्याची जाहिरात फारशी होत नाही, त्यामुळे चढल्याबरोबर कुणा कर्मचाऱ्याला ‘आणखी कुठे जेवण चालू आहे?’ एवढं विचारा.

5. दिवस बघून पैशांचं रेस्टॉरंट ठरवा

एका कागदावर सफरीचे दिवस मांडा: कोणते बंदराचे, कोणते नुसते समुद्रातले, कोणत्या रात्री डायनिंग रूममध्ये ठेवणीतले कपडे अपेक्षित आहेत.

दिवसभर सहल असलेल्या दिवशी रात्रीचं महागडं बुकिंग नको. पाय दुखत असताना आणि जांभया येत असताना पाच पदार्थांचं जेवण म्हणजे पैसे देऊन जागरण. पहिली रात्र चांगली, कारण तेव्हा गर्दी कमी असते आणि काही कंपन्या सवलतही देतात. त्याहून चांगलं म्हणजे समुद्रातल्या दिवशी दुपारी जाणं. तीच जागा, तेच आचारी, आणि दर सहसा रात्रीपेक्षा कमी. सूट-टाय चुकवायला कुणी स्पेशालिटी रेस्टॉरंटचा आसरा घेत असेल, तर तिथलेही कपड्यांचे नियम आधी बघावेत.

तीन किंवा पाच जेवणांचं पॅकेज घेण्यापूर्वी तेवढ्या रात्री खरोखर मोकळ्या आहेत का, हे त्या कागदावर मोजा. छोट्या सफरीत डायनिंग रूम सोडून एखादं जेवण बाहेर घेतलं, तरी पुरतं. डायनिंग रूमचा मेन्यू दारावर आणि ॲपवर आधी लागतो. त्या दिवशी आवडीचा पदार्थ भाड्यातच मिळत असेल, तर बाहेर कशाला जायचं? डायनिंग रूममध्ये एकाऐवजी दोन सुरुवातीचे पदार्थ मागितले, तरी चालतं. मुख्य पदार्थ मात्र जास्तीचा मागितला, तर काही कंपन्या पैसे लावतात.

6. बुफेचा उपयोग कधी

बंदरावर लवकर उतरायचं असेल, तेव्हा सकाळचा नाश्ता इथेच. दुपारी उशिरा, गर्दी ओसरल्यावर, बुफेसारखी सोय नाही. ताट उचलण्याआधी रिकाम्या हाताने एक फेरी मारा. सगळे दारापाशीच रांग लावतात. तेच पदार्थ बऱ्याचदा पलीकडच्या बाजूलाही मांडलेले असतात. ऑम्लेट, पास्ता असं समोर करून देणारा काउंटर असेल, तर तिथे थांबणं वसूल होतं.

हात साबणाने धुऊनच आत जा. जहाजावर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस नुसत्या सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही. अमेरिकी बंदरांवर जाणाऱ्या जहाजांची स्वच्छता तिथली सीडीसी ही सरकारी संस्था तपासते आणि शंभरपैकी गुण देते; 85 किंवा त्याखाली गुण मिळाले, तर जहाज नापास. हे गुण सगळ्यांना बघता येतात, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वीच बघा. बुफेतलं फळ खिशात घालून बंदरावर उतरू नका. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये त्यासाठी चांगलाच दंड होतो.

7. बुकिंग मिळालंच नाही तर

ॲपवर ‘जागा नाही’ दिसलं, तरी रेस्टॉरंट उघडण्याच्या वेळी स्वतः दारात जाऊन विचारा. आयत्या वेळी रद्द होणारी टेबलं तिथेच कळतात. रात्री नऊनंतरही बऱ्याचदा जागा होते. तुमचं बुकिंग असेल आणि बेत बदलला, तर ते मुदतीत रद्द करा. न सांगता गेला नाहीत, तर बऱ्याच कंपन्या त्याबद्दल पैसे केबिनच्या खात्यावर लावतात. मुदत किती तासांची, हे बुकिंगच्या पावतीवरच लिहिलेलं असतं.