सर्व्हरचे आयपी पाठ न करता एसएसएच: छोटी बॅश स्क्रिप्ट कशी लिहावी

एसएसएच म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करायची आज्ञा. दर वेळी आयपी, म्हणजे सर्व्हरचा आकडी पत्ता, आठवण्याऐवजी नावांच्या मेनूतून सर्व्हर निवडू देणारी छोटी बॅश स्क्रिप्ट (टर्मिनलच्या आज्ञांची फाइल) लिहू. सर्व्हरचे पत्ते स्क्रिप्टमध्ये लिहू नका. पासवर्ड तर मुळीच नको. पत्ता, युजर, पोर्ट, किल्ली हे सगळं होममधल्या ‘.एसएसएच’ फोल्डरमधल्या ‘कॉन्फिग’ फाइलीत ठेवा. तिथं दिलेली नावं मग फाइली पाठवणाऱ्या एससीपी, आरसिंकला आणि कोड सांभाळणाऱ्या गिटलाही चालतात. स्क्रिप्टनं फक्त यादी दाखवायची.

आधी एसएसएच-कीजेननं ईडी२५५१९ प्रकारची किल्ली (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी खासगी आणि सार्वजनिक फाइलींची जोडी) बनवा, तिला पासफ्रेज, म्हणजे किल्लीचा स्वतःचा पासवर्ड, द्या आणि एसएसएच-कॉपी-आयडीनं सार्वजनिक भाग सर्व्हरवर चढवा. खासगी किल्लीची परवानगी ६०० हवी, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी. ती इतरांना वाचता येत असेल तर एसएसएच वापरतच नाही.

कॉन्फिगमध्ये दर सर्व्हरला एक ‘होस्ट’ ओळ आणि सुटसुटीत नाव द्या. त्याखाली होस्टनेम, युजर, आयडेंटिटीफाइल. पोर्ट २२ नसेल तरच पोर्ट. एजंटमध्ये (किल्ल्या मेमरीत सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये) पुष्कळ किल्ल्या असतील तर ‘आयडेंटिटीजओन्ली येस’ लिहा. नाहीतर चुकीच्या किल्ल्या दाखवण्यातच प्रयत्न संपतात. ओपनएसएसएच सर्व्हरची मूळ मर्यादा ६ आहे. सर्वांना लागू होणारी ‘होस्ट *’ शेवटी ठेवा, कारण प्रत्येक सेटिंगचं आधी सापडलेलं मूल्यच धरलं जातं.

आता स्क्रिप्ट. पहिली ओळ बॅशचीच हवी, नुसत्या एसएचची नको: उबुंटूवर एसएच म्हणजे डॅश हा वेगळा शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्राम), आणि त्यात मेनू बनवणारी ‘सिलेक्ट’ ही आज्ञा नाही. ओळी शोधणाऱ्या ग्रेपनं कॉन्फिगमधून ‘होस्ट’ आणि त्यापुढे मोकळी जागा असलेल्या ओळी काढा, ओळीतले शब्द वेगळे करणाऱ्या ऑकनं दुसरा शब्द घ्या, तारांकित नावं गाळा. हे गाळणं विसरलात तर शेल * चा विस्तार करतो आणि मेनूत चालू फोल्डरमधल्या फाइली दिसू लागतात! ही यादी ‘सिलेक्ट’ला दिली की क्रमांकांचा मेनू तयार. चुकीचा आकडा दाबला तर व्हेरिएबल रिकामं येतं, ते तपासा. मग ‘एक्झेक एसएसएच’ आणि निवडलेलं नाव: स्क्रिप्टच्या जागी एसएसएच चालू होतं.

फाइल होममधल्या ‘बिन’ फोल्डरात ठेवा, सीएचमॉडनं चालवण्याची परवानगी द्या. उबुंटूवर हा फोल्डर नव्यानंच बनवला असेल तर लॉगआउट करून परत या, तेव्हाच तो पाथमध्ये (शेल आज्ञा शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत) येतो. स्क्रिप्टचं नाव ‘एसएसएच’ ठेवू नका. ती स्वतःलाच बोलावत बसेल.

खरा वेग मात्र कॉन्फिगमधल्या ‘कंट्रोलमास्टर ऑटो’ आणि ‘कंट्रोलपर्सिस्ट १०एम’ यांनी येतो. सोबत कंट्रोलपाथ, म्हणजे या कनेक्शनची सॉकेट फाइल कुठे ठेवायची ते, द्यावा लागतो. सगळी टर्मिनलं बंद केल्यावरही पहिलं कनेक्शन दहा मिनिटं जिवंत राहतं, आणि त्याच्यावरूनच दुसरं टर्मिनल जवळजवळ लगेच उघडतं. एक अडचण: सर्व्हरवर तुम्हाला नव्या ग्रुपमध्ये घातलं, तरी जुन्या कनेक्शनवरून ते दिसत नाही. तेव्हा एसएसएचला मोठ्या ‘ओ’चा पर्याय, ‘एक्झिट’ आणि सर्व्हरचं नाव देऊन ते बंद करा.