नववीत जाणारं मूल घेऊन न्यू जर्सीला येताय?

दरवर्षी मे-जून आला की आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच प्रश्न सुरू होतात. "आम्ही पुण्याहून ऑगस्टमध्ये येतोय, मुलगी आत्ताच आठवी पास झाली, हुशार आहे, पुढे काय करायचं?" मी एडिसनमध्ये बरीच वर्षं राहते आणि माझी दोन्ही मुलं इथल्या सरकारी हायस्कूलमधून शिकून बाहेर पडली. म्हणून एकदाच नीट लिहून काढते. हे सगळं न्यू जर्सीबद्दल आहे. दुसऱ्या राज्यात नियम थोडेफार बदलतात.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा, बाकीचं सगळं तिच्यावर ठरतं. आपल्याकडे नववी म्हणजे दहावीची तयारी. नववीचे मार्क पुढे कुणी विचारत नाही, दहावीच्या मार्चमध्ये जे काही व्हायचं ते होतं. इथे बोर्डाची परीक्षाच नाही. हायस्कूल नववी ते बारावी, आणि नववीच्या सप्टेंबरपासून प्रत्येक विषयाची ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे चारही वर्षांच्या अधिकृत गुणपत्रकावर, चढत जाते. बारावीच्या सुरुवातीला कॉलेजचे अर्ज भरताना तोच ट्रान्सक्रिप्ट पुढे जातो. शेवटचे दोन महिने रात्र रात्र जागून कसर भरून काढणं इथे जमत नाही.

हे आकड्यात बघा. समजा, एखाद्या विषयात टेस्टना ५० टक्के वजन, क्विझना ३० आणि होमवर्कला २०. मुलाला टेस्टमध्ये सरासरी ९५ पडतात, क्विझमध्ये ९२. पण "हे तर मला येतंच" म्हणून त्याने निम्मा होमवर्क दिलाच नाही, तिथे ५० पडले. एकूण ८५. म्हणजे बी. वर्गातल्या ज्या मुलीला टेस्टमध्ये याच्यापेक्षा पाच मार्क कमी पडतात पण जी रोजचं काम रोज देते, तिला ए मिळतो. आपल्याकडून आलेली हुशार मुलं पहिल्या तिमाहीत नेमकी इथेच अडकतात, कारण "वर्षभर निवांत, शेवटी जोर" हे गणित त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. विषय येत असतो, वही दिलेली नसते.

आता कागदपत्रं. शाळा पत्त्यावरून ठरते, म्हणून घर भाड्याने घेतानाच शाळेची हद्द बघा. फी नाही, डोनेशन नाही. भाडेकरार, वीजबिल, पासपोर्ट किंवा जन्मदाखला लागतो. तुमचं इमिग्रेशन स्टेटस काय आहे यावरून सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. १९८२ पासून सुप्रीम कोर्टाचा तसा निकाल आहे. भारतातून निघताना शाळा सोडल्याचा दाखला आणि मागच्या दोन-तीन वर्षांच्या गुणपत्रिका घ्या. मराठी माध्यमाची शाळा असेल तर मुख्याध्यापकांकडून लेटरहेडवर इंग्रजीत सही-शिक्क्यासह एक पत्र आणा, त्यात विषय आणि गुण लिहिलेले असू द्या. इथे आल्यावर भाषांतराची धावपळ वाचते.

लसीकरणाची जुनी वही शोधून आणा, मग ती कितीही फाटलेली असो. तारखा नसतील तर इथे डोस पुन्हा घ्यावे लागतात. टीबीची तपासणी सांगितली तर त्वचेवरच्या चाचणीऐवजी रक्ताची चाचणी चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. आपल्या मुलांना जन्मल्यावर बीसीजी दिलेली असते, त्यामुळे हातावरची चाचणी कधी कधी उगाचच पॉझिटिव्ह येते आणि मग छातीचा एक्स-रे आणि आठवडाभराची चिंता मागे लागते.

नावाचं बघा. आपल्या पासपोर्टवर मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव जोडलेलं असतं. शाळेच्या यादीतही ते तसंच चढतं आणि पहिल्या दिवशी बाई हजेरीत "आदित्य सुनील" अशी हाक मारतात. नोंदणी करताना रेकॉर्डवरचं नाव पासपोर्टप्रमाणेच ठेवा, पुढे सगळ्या परीक्षांना तेच लागतं. पण हाक मारायचं नाव वेगळं नोंदवता येतं, ते तिथल्या तिथे सांगा.

फॉर्ममध्ये घरी कोणती भाषा बोलता, असा प्रश्न असतो. खुशाल मराठी लिहा. त्यामुळे मुलाची इंग्रजीची एक चाचणी होते, इतकंच. मूल इंग्रजी माध्यमातलं असेल तर सहसा पार होतं. नाही झालं तर ज्यादा मदतीचा तास मिळतो. त्यात कमीपणा नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना त्या तासाचा खरोखर फायदा झालेला मी जवळून पाहिला आहे.

गणिताबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. आपल्याकडे एका वर्षात थोडं बीजगणित, थोडी भूमिती, थोडी सांख्यिकी असं सगळं मिळून चालतं. इथे एक वर्ष अल्जिब्रा वन, मग जॉमेट्री, मग अल्जिब्रा टू, मग प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस. नववीत अल्जिब्रा वनपासून सुरुवात केली तर बारावीत प्रीकॅल्क्युलसपर्यंत पोचता. जॉमेट्रीपासून केली तर बारावीत कॅल्क्युलस. इंजिनिअरिंगकडे जायचं मनात असेल तर हा फरक मोठा आहे, म्हणून उन्हाळ्यातच शाळेच्या काउन्सेलरला, म्हणजे विषय निवडायला मदत करणाऱ्या सल्लागाराला, प्लेसमेंट टेस्टबद्दल (कोणत्या पायरीपासून सुरुवात करायची ते ठरवणाऱ्या चाचणीबद्दल) ईमेल करा. महाराष्ट्रातून आठवी करून आलेल्या मुलाला अवयव पाडणं, विस्तार सूत्रं, एका चलातली समीकरणं छान येतात. रेषेचा उतार, आलेख वाचणं, दोन चलांतली समीकरणं, वर्गसमीकरणं मात्र झालेली नसतात आणि चाचणीत नेमकी तीच असतात. जुलैमध्ये खान अकॅडमीवर अल्जिब्रा वन पूर्ण करून मगच चाचणीला बसवा. आणि दोन पायऱ्या वर ढकलण्याचा हट्ट करू नका. पाया कच्चा राहिला तर अकरावीत त्याची किंमत मोजावी लागते, आणि ते वर्ष तसंही सगळ्यात अवघड असतं. आणखी एक, इथे टीआय-८४ सारखा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर वर्गात सर्रास वापरतात. आपल्या मुलांना तो हातात घ्यायचीच सवय नसते. आधी आठवडाभर खेळू द्या.

मॅग्नेट शाळांबद्दल, म्हणजे निवडून प्रवेश देणाऱ्या खास सरकारी शाळांबद्दल, फोन फार येतात. बर्गन काउंटी ॲकॅडमीज, लिंक्रॉफ्टची हाय टेक्नॉलॉजी हायस्कूल, अशा शाळा उत्तम आहेत यात वाद नाही. पण त्यांचे अर्ज आठवीतच, आदल्या शरद ऋतूत भरायचे असतात आणि त्याच काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) राहावं लागतं. तुम्ही ऑगस्टमध्ये उतरलात तर ती गाडी बहुतेक गेलेली असते. त्याची हळहळ मुलासमोर करू नका. इथल्या साध्या सरकारी हायस्कूलमध्येही एपीचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे, डझनावारी विषय असतात आणि तिथून मुलं उत्तम कॉलेजांत जातात.

आता मुलांनो, काकू थेट तुमच्याशी बोलते.

तुमच्यात जिद्द आहे, ती कमी करू नका. स्कॉलरशिप परीक्षा, होमी भाभा, ऑलिंपियाड, जे काही केलंत ते वाया जात नाही. गणित आवडत असेल तर शाळेत नोव्हेंबरमध्ये एएमसी १० ही गणिताची स्पर्धा होते का ते विचारा: पंचवीस प्रश्न, पंच्याहत्तर मिनिटं. स्कॉलरशिपच्या पेपरचा सराव असलेल्या मुलांना ती फार आवडते.

इंग्रजीचा तास मात्र वेगळा वाटेल. तिथे धड्याखालची प्रश्नोत्तरं नसतात, नवनीतचं गाइड नसतं. अख्खी कादंबरी वाचायची, तुमचं मत मांडायचं आणि त्या मताला पुस्तकातल्या ओळींचा आधार द्यायचा. "लेखकाला काय म्हणायचंय" हे बाईंनी सांगायची वाट बघू नका, त्या सांगणार नाहीत. आणि इंटरनेटवरून किंवा एआयकडून उचललेला परिच्छेद आपला म्हणून देऊ नका. आपल्याकडे प्रोजेक्टमध्ये ते चालून जातं. इथे शून्य मिळतं, घरी फोन येतो आणि शाळेत नोंद राहते.

अडलं तर शिक्षकांना स्वतः ईमेल करा. आईबाबांनी नाही, तुम्ही. "सर" किंवा "मॅम" नव्हे, मिस्टर किंवा मिस आणि पुढे आडनाव. मी कोणत्या पिरियडला आहे, कुठला प्रश्न, मी कुठपर्यंत आलो, कधी भेटू शकतो, एवढ्या चार ओळी पुरतात. शिक्षक खरंच वेळ देतात. नववीत ही सवय लागली की अकरावीत शिफारसपत्र मागायची वेळ येईल तेव्हा तुम्हाला ओळखणारं कुणीतरी असेल.

पहिले दोन महिने जेवणाच्या सुट्टीत एकटं वाटेल. ते होणारच, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. मी प्रत्येक मुलाला एकच सुचवते: एखादा खेळ घ्या. क्रॉस कंट्री म्हणजे लांब पल्ल्याचं धावणं, बहुतेक शाळांत यात कुणालाच काढून टाकत नाहीत, धावायची तयारी हवी बस. सराव ऑगस्टमध्येच सुरू होतो, त्यामुळे शाळेचा पहिला दिवस उगवतो तेव्हा वीस-तीस जणांना तुमचं नाव माहीत असतं. त्यासाठी डॉक्टरांनी भरलेला फिटनेसचा फॉर्म लागतो, आल्या आल्या अपॉइंटमेंट घ्या. धावायचं नसेल तर रोबॉटिक्स, डिबेट, बँड, नाटकाचा बॅकस्टेज, काहीही. पण आठ क्लबांत नाव घालू नका. एक-दोन घ्या आणि चारही वर्षं टिकवा.

तिकडच्या मित्रमैत्रिणींशी बोलत राहा. पण उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक आहे, हिवाळ्यात साडेदहा. ते शाळेला निघतात तेव्हा तुमची झोपायची वेळ झालेली असते, आणि इथली हायस्कूलची बस भल्या सकाळी येते. बोलायचं ते शनिवारी-रविवारी सकाळी बोला. सप्टेंबरमध्ये पेंगणारी मुलं मी फार पाहिली आहेत आणि कारण बहुतेक वेळा हेच असतं.

पुन्हा आईबाबांकडे वळते.

ग्रेड्सचं ऑनलाइन पोर्टल असतं. शाळेने त्याचा पासवर्ड दिला की काही पालक तासातासाला उघडून बघतात आणि ऑफिसमधून मुलाला मेसेज करतात, "क्विझमध्ये ७८ का?" असं करू नका. आठवड्यातून एकदा, मुलाला शेजारी बसवून बघा. प्रत्येक क्विझवर खुलासा द्यावा लागला की मूल अवघड विषय घ्यायलाच घाबरतं.

ही काळजी माझी एकटीची नाही. आमच्यापासून फार लांब नसलेल्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरो या शालेय जिल्ह्यात (म्हणजे तिथल्या सरकारी शाळांच्या गटात), जिथे आपली आणि इतर आशियाई कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत, २०१५ मध्ये शाळाधीक्षकांनी पालकांना लांबलचक पत्र लिहून मुलांवरच्या ताणाबद्दल सावध केलं होतं. हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षाही तिथे बंद करण्यात आल्या. पालकांत तेव्हा सरळ दोन तट पडले आणि बरेच आशियाई पालक विरोधात होते. त्यांची भीती मला समजते. आपण सगळं मागे सोडून येतो ते मुलांच्या शिक्षणासाठीच. पण मला अधीक्षकांचं म्हणणं पटलं आणि आजही पटतं. नववीत एपीचे विषय गोळा करायची गरज नाही. दोन-तीन ऑनर्स, म्हणजे नेहमीपेक्षा वरच्या पातळीचे विषय, पुरे. एसएटी ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा अकरावीत द्यायची असते, नववीच्या मुलाला त्याच्या क्लासला घालून पैसे आणि रविवार दोन्ही घालवू नका.

एच-४ वर, म्हणजे आई किंवा वडिलांच्या एच-१बी नोकरीच्या व्हिसाबरोबर मिळणाऱ्या व्हिसावर, आलेल्या मुलांचं वेगळं सांगायला हवं, कारण हे कुणी वेळेवर सांगत नाही. या व्हिसावर मूल शिकू शकतं पण पगाराचं काम करू शकत नाही. वर्गमित्र उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात नोकरी करतील, याला करता येणार नाही. हे नववीतच समजावून सांगा. वाचनालयात किंवा मंदिरात सेवा करायला काही हरकत नाही. कॉलेजसाठी सरकारची जी आर्थिक मदत एफएएफएसए हा सरकारी अर्ज भरून मिळते ती या मुलांना मिळत नाही, खासगी कॉलेजं स्वतःच्या निधीतून काही देतात ते वेगळं. आणि २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो. तुमचं ग्रीन कार्ड कुठल्या रांगेत आहे ते वकिलाला आजच विचारा, मूल बारावीत गेल्यावर नको.

मराठी सोडू नका. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा न्यू जर्सीत आहेत, आणि दोन भाषा चांगल्या येणाऱ्या मुलांना राज्य सरकार हायस्कूलच्या शेवटी डिप्लोमावर द्विभाषिकतेची अधिकृत मोहोर देतं. परीक्षा मराठीत देता येईल का, हे काउन्सेलरला विचारून ठेवा.

ऑगस्टच्या शेवटी नववीच्या मुलांसाठी ओरिएंटेशन असतं. जेट लॅग असला तरी मुलाला पाठवा. वेळापत्रक हातात घेऊन प्रत्येक वर्ग शोधायचा, लॉकरचं कुलूप तीन आकडे फिरवून चार-पाच वेळा उघडून बघायचं आणि काउन्सेलरच्या ऑफिसात जाऊन स्वतःचं नाव सांगून यायचं. एवढं त्या दिवशी झालं तरी पहिला दिवस निभावतो.